पांढरा धूर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहनांबद्दलच्या पानावर नवीन मॉडेल आणि मायलेज यावर भरपूर छापून येतं, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला की काय करायचं यावर कोणी नीट लिहीत नाही. त्यामुळे होतं असं की शेजारी सांगतो "हेड गॅस्केट गेलं" (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं पॅकिंग), मेकॅनिकही लांबूनच बघून तेच म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत इंजिन खोललेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पुरावा मिळाल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका.

थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर जो धूर दिसतो तो बहुतेक वेळा धूर नसतोच, वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं (ऑक्सिजन हवेतला असतो, म्हणून एवढं पाणी), गार पाइपमध्ये त्याचं धुकं होतं, टोकाला थेंबही टपकतात. पाइप तापला की हे आपोआप थांबतं. याला काहीही करायचं नसतं!

खरी काळजी कधी, तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला, गाडी चांगली गरम झाली तरी दाट पांढरा धूर येतच राहतो, लवकर विरत नाही आणि गोडसर वास येतो तेव्हा. म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलेंडरमध्ये जाऊन जळतंय. पण इथेही लगेच पाना उचलायची गरज नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली कूलंटची लेव्हल बघा, खूण करून ठेवा, चारदोन दिवसांनी परत बघा, बाहेर कुठे गळती नसताना ती उतरत असेल तर संशय पक्का व्हायला लागतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लोक हादरतात. नुसती दोन-तीन किलोमीटर चालणारी गाडी असेल तर इंजिन नीट तापत नाही आणि ओलाव्यामुळेही तसा थर जमतो. डिपस्टिकवरचं (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवरचं) ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

पक्कं करायला टेस्ट आहेत आणि त्या इंजिन न खोलता होतात. कूलंटच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी धरतात, सिलेंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते द्रव पिवळं पडतं. दुसरी म्हणजे रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरून दाब टिकतो का बघणं. स्पार्क प्लग काढल्यावर बाकीचे काळपट आणि एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर तो सिलेंडरही सापडला.

डिझेल गाडीचं गणित वेगळं. तिथे पांढरा धूर म्हणजे अनेकदा न जळालेलं डिझेल, डोळ्यांना झोंबतं, वास कच्च्या डिझेलचा. कारण खराब हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत उष्णता देणारा), गळका इंजेक्टर, चुकलेलं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. इजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा गॅस कूलंटने थंड करणारा भाग) फुटला तरी कूलंट आत जातं आणि सगळी लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटसारखी दिसतात, हेड उतरवून नवीन गॅस्केट टाकलं तरी धूर तसाच!

आणखी एक कारण बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही ते म्हणजे ब्रेक ऑइल. ब्रेक पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलेंडरचं मागचं सील गेलं की ते बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणाऱ्या डब्यात) उतरतं, तिथून इंजिन व्हॅक्यूमने ओढून घेतं आणि मागे पांढरा ढग. कूलंट पूर्ण आहे पण ब्रेक ऑइल कमी होतंय आणि चाकांजवळ कुठे गळती नाही असं असेल तर हेच बघा, आणि लगेच, कारण हा प्रश्न इंजिनापेक्षा ब्रेकचा आहे.

टेस्टमध्ये हेड गॅस्केटच निघालं तर काम अर्धवट करू देऊ नका. हेड सरळ आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघायचं, वाकलं असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं), तडा गेलाय का तेही तपासायचं. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट परत वापरायचे नसतात, नवे लागतात, आणि कंपनीने दिलेल्या क्रमानेच टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचे. मुळात इंजिन गरम का झालं, थर्मोस्टॅट, वॉटर पंप की फॅन, हे शोधलं नाही तर नवीन गॅस्केटही जाणार. गळती बंद करणारं औषध बाटलीने ओतणं मला पटत नाही, त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

रात्रभर उभी गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर अडकल्यासारखी झाली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, सिलेंडरमध्ये कूलंट साठलेलं असू शकतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या. आणि जॉबकार्डवर "पांढरा धूर, हेड काम" एवढंच न लिहिता कोणती टेस्ट केली आणि काय निघालं हेही लिहून मागा. गॅरेजवाल्यांना यातलं काही पटत नसेल तर त्यांनीही याच पानावर उत्तर द्यावं, वाचायला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक