‘लवकर’ म्हणजे किती लवकर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझ्याकडे सीटी स्कॅन आहे, न्यूरोसर्जन दोन तासांवर. मग डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या पेशंटच्या ऑपरेशनची घाई किती करायची, असं विचारलंस. घाई रक्ताच्या गुठळीची करायची, मेंदूच्या नुसत्या सुजेची नाही.

१९८१ साली सीलिग यांच्या गटाने ॲक्यूट सबड्युरलचे, म्हणजे मेंदूच्या जाड आवरणाखाली ताजं रक्त साठलेले, ८२ पेशंट मांडले. ४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ३० टक्के दगावले, नंतर झालेल्यांत ९० टक्के. एवढी मोठी तफावत पुढच्या अभ्यासांत दिसली नाही, पण डोळ्याची बाहुली फाकल्यावर जाणारं प्रत्येक मिनिट महाग, यावर वाद नाही.

सीटीवर पट्टी लाव. एक्स्ट्राड्युरल (कवटी आणि आवरण यांच्यामधली गुठळी) ३० मिलीच्या वर, किंवा सबड्युरल १० मिमीहून जाड, किंवा सबड्युरलमुळे मेंदूची मधली रेघ, म्हणजे मिडलाइन, ५ मिमीहून जास्त सरकलेली. यातलं काहीही असेल तर जीसीएस (शुद्धीचे गुण, ३ ते १५) कितीही असो, ऑपरेशन. मिली काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि निम्मं करायचं. ६ × ४ × ३ म्हणजे ७२, गुठळी ३६ मिली.

तुझ्याकडेच कवटीला भोक पाडून रक्त काढू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. जुनं सबड्युरल इंजिन ऑइलसारखं वाहतं, ते भोकातून येतं. ताजी गुठळी कलेजीच्या तुकड्यासारखी असते. तिला साधारण १२ × १५ सेंटिमीटरचं कवटीचं हाड उचलावं लागतं. हाड परत बसवायचं की नाही, ते गुठळी काढल्यावर मेंदू किती वर येतो ते बघून सर्जन ठरवेल.

तुझ्या हातात असतात ती पहिली वीस मिनिटं. जीसीएस ८ किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत ट्यूब टाक, पण भुलीचं औषध देण्याआधी ई, व्ही, एम (डोळे, बोलणं, हालचाल यांचे गुण) वेगवेगळे लिही. नुसता ‘जीसीएस ६’ कळवलास तर सर्जनला फारसं कळत नाही. एम ४ आहे की २, यावर त्याचा निम्मा निर्णय असतो. ट्यूबची पट्टी मानेभोवती आवळू नकोस, शिरा दाबल्या की डोक्यातला दाब चढतो. डोकं ३० अंश वर. मणक्याची शंका असेल तर अख्खा बेड तिरका कर. श्वास द्यायची अँब्यु बॅग पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची. घाबरलेला वॉर्डबॉय भराभर दाबत सुटतो, मग कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी मेंदू आणखी उपाशी राहतो.

बीपी वरचं ११०च्या खाली जाऊ देऊ नकोस. मोठ्या माणसाचं बीपी पडलं तर रक्तस्रावासाठी पोट, छाती, कंबरेचं हाड तपास. दोष डोक्याला देऊन मोकळा होऊ नकोस. डोक्यातला दाब उतरवणारं मॅनिटॉल सरसकट नको. बाहुली फाकली किंवा हातपाय ताठले तरच, ६० किलोच्या माणसाला २० टक्क्यांचं ३०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत, लघवीचा कॅथेटर घालून. थंडीत बाटलीत खडे धरतात. कोमट कर, फिल्टरचा सेट लाव. बीपी पडलेलं असेल तर मॅनिटॉलने लघवीवाटे पाणी जाऊन ते आणखी पडेल, तिथे ३ टक्के सलाइन. आणि स्टेरॉइड नकोच! २००४च्या क्रॅश चाचणीत दहा हजारांवर पेशंट होते, स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. तरी डेक्सा (हेही स्टेरॉइडच) टोचायची सवय काही सुटत नाही.

आता सूज. २०११च्या डेक्रा चाचणीत डोक्यातला दाब २०च्या (मिमी पारा) वर पंधरा मिनिटं राहताच, सुजलेल्या मेंदूला जागा करायला कवटीचं हाड काढलं. दाब उतरला, पण सहा महिन्यांनी पेशंटांची अवस्था दुसऱ्या गटापेक्षा वाईट निघाली. २०१६च्या रेस्क्यूआयसीपी चाचणीत औषधं हरल्यावर, दाब २५च्या वर तासभर तरी टिकल्यावरच हाड काढलं. मृत्यू ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, पण वाचलेल्यांत अंथरुणाला खिळलेले, भान नसलेलेही वाढले. म्हणून नातेवाइकांना ‘जीव वाचेल’ आणि ‘पूर्वीसारखा होईल’ ही दोन वाक्यं कधी एका दमात सांगू नकोस.

त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं विचारलंस का? ते १०८ ला फोन करतानाच विचार. गुठळी सर्वांत जाड दिसते तो आणि मिडलाइनचा, असे दोन फोटो सर्जनला पाठव. एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद मागाहून पोचले तरी चालतात.

तुझा,
मिलिंद