अंतर्गत गुण आणि ‘नंतर बघू’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षेत गुण कमी पडले तर काय करायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज, मग पुनर्मूल्यांकन. शुल्क आणि मुदत परिपत्रकात छापलेली. महाविद्यालयातल्या अंतर्गत चाचणीला मात्र असा आखलेला रस्ता बहुतेक ठिकाणी नाही. पेपर सरांनी काढला, सरांनीच तपासला, गुण सरांनीच भरले आणि शंका विचारायची तीही सरांनाच. ते ‘नंतर बघू’ म्हणाले, ई-मेलला उत्तर आले नाही, की विषय संपला. हे गुण किरकोळ नाहीत. अंतर्गत आणि लेखी गुणांची कुठे ३०:७०, कुठे ४०:६० अशी विभागणी आहे. जिथे दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्क्यांची अट आहे, तिथे चाचणीत ३० पैकी ११ मिळालेला मुलगा लेखी परीक्षेत कितीही चमकला तरी त्या विषयात अडकतो. एका गुणापायी एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात!

दाद मागण्याआधी तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवावे. बेरीज चुकणे, उपप्रश्न तपासायचा राहणे, पुरवणी न पाहणे, गुण भरायच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर शेजारच्या हजेरी क्रमांकाचे गुण पडणे, हजर असून ‘अनुपस्थित’ लागणे या कारकुनी चुका. त्यात शिक्षकाच्या मताचा प्रश्नच येत नाही. ‘उत्तर बरोबर होते, गुण कमी दिले’ हा दुसरा प्रकार, आणि तिथे परीक्षकाच्या निर्णयाला मान असतो. मुले दोन्हींची मोट बांधून ‘मला गुण कमी पडलेत, कृपया पेपर परत तपासा’ एवढेच लिहितात. साठ जणांच्या वर्गातून असे वीस निरोप आले की सर विसांनाही उत्तर देत नाहीत, आणि त्यात ज्याची बेरीज खरोखर चुकलेली असते तोही मारला जातो.

म्हणून पेपर हातात पडला की गुणाकडे न बघता आधी प्रत्येक उपप्रश्नाशेजारचे लाल आकडे स्वतः कागदावर उतरवावेत आणि मग मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी ताडून बघावेत. समजा प्र. १ मध्ये दोन-दोन गुणांचे पाच उपप्रश्न आहेत. आत २, १½, २, ०, १½ असे गुण आहेत, म्हणजे ७. तक्त्यात मात्र ५½. हे कसे होते? पाचवे उत्तर पान उलटल्यावर सुरू झालेले असते आणि बेरीज करताना ते पान उलटलेच जात नाही. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे अर्धवट उत्तर. प्र. २ चा उरलेला भाग मुलाने शेवटच्या पानावर लिहिलेला असतो, आणि आधी सगळ्यांचा प्र. २, मग सगळ्यांचा प्र. ३ अशा पद्धतीने तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. उत्तर तोडताना ‘पुढे पान ११ वर’ असे ठळक लिहिण्याची सवय मुलांनी लावून घेतली तर अर्ध्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत, हेही सांगायला हवे.

दुसऱ्या प्रकारात भांडण गुणयोजनेवर, म्हणजे कोणत्या पायरीला किती गुण याच्या परीक्षकाकडील तक्त्यावर, न्यावे लागते. हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. यंत्र ८०,००० रुपयांचे, खरेदी १ जुलैची, वर्ष ३१ मार्चला संपणारे, घटत्या शिलकीवर (दर वर्षी उरलेल्या किमतीवर) १० टक्के घसारा. पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचा ६,००० आणि दुसऱ्या वर्षी ७४,००० वर ७,४०० हे बरोबर उत्तर. मुलाने पहिल्या वर्षी पूर्ण वर्षाचा, म्हणजे ८,००० धरला आणि दुसऱ्या वर्षी ७२,००० वर ७,२०० काढला. परीक्षकाने दोन्ही वर्षांचे गुण कापले. इथे ‘माझे उत्तर बरोबर आहे’ असे म्हटले तर मुलगा तिथेच हरला. ‘महिने मोजण्यात माझी चूक झाली, पहिल्या वर्षाचे गुण गेले ते मान्य. दुसऱ्या वर्षाची रीत मात्र बरोबर आहे. गुणयोजनेत पायरीला गुण आहेत का, ते कृपया पाहावे,’ असे म्हटले तर सरांना गुणयोजना उघडावीच लागते. स्वतःची चूक आधी कबूल केलेला अर्ज वाचला जातो.

आता लिहायचे कसे ते. व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्गगटावर नको, रात्री अकराचा फोनही नको. ई-मेल, एकच मुद्दा, साधारण असा:

‘विषय : अंतर्गत चाचणी १, हजेरी क्र. (…), प्र. १ ची बेरीज.
महोदय, (तारीख) रोजी वर्गात दाखवलेल्या उत्तरपत्रिकेत प्र. १ च्या पाच उपप्रश्नांना अनुक्रमे २, १½, २, ०, १½ असे गुण आहेत. बेरीज ७ होते, मुखपृष्ठावर ५½ आहे. प्र. १ (इ) पान ४ वर आहे. पोर्टलवर गुण अंतिम होण्यापूर्वी कृपया पाहावे. आपल्या सोयीच्या वेळी उत्तरपत्रिका पाहण्यास येईन.’

बस. ‘मी रात्रंदिवस अभ्यास केला होता’ नको, ‘माझ्या मैत्रिणीला जास्त मिळाले’ तर मुळीच नको. वर्गात परवानगी मिळत असेल तर त्या पानाचा फोटो घ्यावा. मिळत नसेल तर आकडे तिथल्या तिथे वहीत टिपावेत.

तीन कामकाजाचे दिवस थांबून त्याच ई-मेलखाली स्मरणपत्र, या वेळी विभागप्रमुखांना प्रत लावून. ही चुगली नव्हे. आज अनेक महाविद्यालयांत शिकवणारे निम्मे चेहरे तासिका तत्त्वावरचे असतात. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात तास, आणि सत्र संपले की नेमणूक संपली. उत्तर न येण्यामागे दर वेळी उर्मटपणा नसतो. कधी ते सर त्या महाविद्यालयातच उरलेले नसतात. उत्तरपत्रिका विभागाच्या कपाटात असतात आणि त्याची किल्ली विभागप्रमुखांकडे.

गप्प बसण्याचे खरे कारण मात्र बहुधा पोर्टल असते. गुण भरून ‘लॉक’ केले की शिक्षकाला स्वतः बदल करता येत नाही. मग प्राचार्यांच्या सहीचे पत्र, मूळ उत्तरपत्रिका आणि चूक कशी झाली याचा लेखी खुलासा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवावा लागतो. काही ठिकाणी दंडही भरावा लागतो. दीड गुणासाठी स्वतःची चूक कागदावर कोण लिहून देणार? म्हणून गुण कुलूपबंद होण्याची तारीख महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाऊन विचारून ठेवावी आणि पहिला ई-मेल तिच्या आधी पडेल हे पाहावे. नंतर गेलेला अर्ज चुकीचा ठरत नाही, जड होतो.

स्मरणपत्रालाही आठवडाभर उत्तर आले नाही तर प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणणाऱ्या कारकुनापाशी अर्ज ठेवून येऊ नये. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे धरले जाते. शिक्का द्यायला कोणी नाहीच म्हटले तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावा. (जुने रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे.) दोन्ही ई-मेलच्या छापील प्रती मागे जोडाव्यात.

याच्या पुढची पायरी फारच कमी पालकांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम अधिसूचित केले. मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धती ही त्यात तक्रारीची बाब म्हणून स्पष्ट नमूद आहे. संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रारदारालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांची अपिले ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अपील करता येते आणि ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे विनियम सांगतात. मात्र एक गोम आहे. नुसत्या फेरतपासणीचा किंवा गुण वाढवून देण्याचा अर्ज लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर ठोस परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवावे लागते. ‘प्र. १ (इ) चे दिलेले गुण बेरजेत नाहीत’ ही अनियमितता झाली. ‘सरांनी कडक तपासले’ ही नव्हे. पहिल्या ई-मेलमध्ये प्रश्न क्रमांक आणि आकडे लिहायचे ते यासाठीच.

पेपर दाखवतच नसतील तर माहितीचा अधिकार आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसईच्या प्रकरणात सांगितले. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत करायचा. प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अनुदानित महाविद्यालयात हे सरळ चालते, विनाअनुदानितला वाद घातला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या दोन मर्यादा विसरू नयेत. त्यातून फेरतपासणीचा हक्क मिळत नाही, आणि उत्तरपत्रिका जपून ठेवण्याचा नियमातला काळ उलटल्यावर काही मागता येत नाही. चाचणीचे पेपर लवकर रद्दीत जातात. तेव्हा प्राचार्यांच्या अर्जातच ‘तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ही उत्तरपत्रिका नष्ट करू नये’ ही ओळ घालावी.

‘प्रॅक्टिकलचे गुणही त्याच सरांच्या हातात आहेत,’ ही भीती खोटी नाही. तिच्यावर पूर्ण उतारा माझ्याकडेही नाही. पण माणसाबद्दल एक शब्द न लिहिलेला, फक्त पान क्रमांक आणि बेरीज सांगणारा आणि विभागप्रमुखांकडे प्रत गेलेला अर्ज सूड उगवायला अवघड असतो. तक्रार अख्ख्या वर्गाची असेल, उदाहरणार्थ अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न, तर एकट्याने पुढे होऊ नये. हजेरी क्रमांकांच्या तक्त्यासह सामायिक अर्ज द्यावा. पालकांनी स्टाफरूममध्ये जाऊन आवाज चढवला की मूळ दीड गुण बाजूला पडतात आणि चौकशी आवाजाची होते.

महाविद्यालयांना करण्याजोगे काम खरे तर छोटे आहे. चाचणीचे वेळापत्रक नोटीस बोर्डवर लागते त्यात विषय, तारीख, वेळ असे तीन रकाने असतात. त्यात ‘उत्तरपत्रिका दाखवण्याचा दिवस’ आणि ‘गुण अंतिम करण्याचा दिवस’ असे आणखी दोन घालावेत, आणि त्या दोहोंत किमान पाच कामकाजाचे दिवस ठेवावेत. पुढच्या सत्राचे वेळापत्रक छापायला जाण्यापूर्वी प्राचार्यांनी एवढे जरूर करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त परीक्षा अधिकारी, सातारा