लंडन–टोकियो विमानप्रवासाचा चुकीचा कालावधी दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

फेब्रुवारीतील प्रवासाची आखणी करताना मी आपल्या संकेतस्थळावर लंडनचे हीथ्रो आणि टोकियोचे हानेदा या विमानतळांमधील अंतर पाहिले. ते ९,६०० किलोमीटर आणि प्रवासाचा कालावधी ११ तास १८ मिनिटे असल्याचे उत्तर आले. सकाळी ९ वाजता निघणारे थेट विमान, ९ तासांचा घड्याळी फरक धरून, दुसऱ्या दिवशी पहाटे ५.१८ला उतरेल असे आपल्याच पानावर दिसत असल्याने मी हानेदाहून सकाळी ८.३०चे पुढचे तिकीट आधीच काढून ठेवले, आणि ते परतावा न मिळणारे होते. मुख्य तिकीट काढायला गेल्यावर कळले की ते विमान सुमारे १४ तास घेते आणि ८च्या सुमारास उतरते. पुढचे तिकीट वाया गेले.

अंतराबद्दल माझी तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेने ते जवळपास तेवढेच भरते. मात्र ती वाट मुख्यतः रशियावरून जाते, आणि फेब्रुवारी २०२२पासून ब्रिटिश विमानांना रशियाचे आकाश बंद आहे. त्यामुळे जाताना ती दक्षिणेकडून, मध्य आशियावरून वळसा घेतात, तर टोकियोहून येणारी विमाने अनेकदा उत्तर पॅसिफिक ओलांडून अलास्का आणि ग्रीनलँडवरून येतात. आपले पान मात्र दोन्ही दिशांना तेच ११ तास १८ मिनिटे दाखवते.

मी ताळा करून पाहिला. ९,६००ला ८५० किलोमीटर ताशी वेगाने भागले की नेमका हाच आकडा येतो. लंडन–न्यूयॉर्कच्या ५,५४० किलोमीटरनाही तोच भागाकार लावलेला असून जाता-येता ६ तास ३१ मिनिटे दाखवली आहेत. वास्तविक पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट स्ट्रीममुळे, म्हणजे खूप उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे, न्यूयॉर्ककडे जाताना साधारण तासभर जास्त लागतो. याला काळ-काम-वेगाचे गणित म्हणता येईल, प्रवासाचा कालावधी नव्हे.

आपल्या ग्राहक सेवेने "आकडे अंदाजे असतात" एवढेच कळवले. अंदाज असेल तर तो "साडेअकरा तास" असा लिहावा. मिनिटापर्यंत दिलेल्या आकड्याला वाचणारा हिशेबच समजतो. शिवाय तो अंदाजे असल्याची सूचना त्या पानावर कुठेही नाही.

जाता जाता आणखी एक बाब. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते, जपानमध्ये ही पद्धत नाही. त्यामुळे तेव्हाचा फरक ८ तासांचा असतो. आपले पान जुलैतही ९ तासच मिळवते, म्हणजे उन्हाळ्यात एक चूक दुसरीला तासाभराने झाकते.

तरी वाया गेलेल्या तिकिटाची पूर्ण रक्कम मला द्यावी आणि थेट विमान असलेल्या मार्गांवर भागाकाराऐवजी वेळापत्रकातील कालावधी दाखवावा, ही विनंती. दोन्ही तिकिटांच्या आणि आपल्या पानाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक ग्राहक