लिफ्ट, उपविधी आणि तुंबलेला चेंबर

संपादक महोदय,

सोसायट्यांमधल्या भांडणांवरची पत्रे आपल्या अंकात नेहमी वाचते. बहुतेकांचा सूर एकच : नियम कडक करा. मी डोंबिवलीतल्या २० सदनिकांच्या सोसायटीची सचिव. टेलिफोन खात्यात ३१ वर्षे काढल्यामुळे नियम तोंडपाठ ठेवायची सवय. त्या सवयीने माझी कशी फजिती केली, ते सांगते.

आमची लिफ्ट जुनी, पावसाळ्यात हमखास दोन मजल्यांच्या मध्ये अडकणारी. मोटर, दोर, कंट्रोलर बदलायचे तर ४,८०,००० रुपये, घरटी २४,०००. तळमजल्यावरच्या चारही घरांनी हात झटकले. ‘आम्ही लिफ्टमध्ये पायसुद्धा ठेवत नाही.’ मी भर सभेत आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवण्याचे नियम, उघडले. लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च सगळ्या सदस्यांनी सारखा सोसायचा, लिफ्ट वापरोत वा न वापरोत. मोठ्याने वाचले, तेही दोनदा. तळमजल्यावरचे काका उठले, चपला घातल्या, ‘मग घ्या कायद्यानेच वसूल करून’ म्हणाले आणि गेले. ठराव बहुमताने मंजूर झाला. त्या चार घरांतून सहा महिने एक रुपया आला नाही. त्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘फुकटे’ असा शब्द टाकला आणि मी तो काढायला लावला नाही. तिथे माझेच चुकले.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला काकांकडे गेले. जानेवारीतली छान थंड हवा, तरी मागची खिडकी घट्ट बंद. का, ते दोन मिनिटांत नाकालाच कळले. खिडकीखालचा ड्रेनेजचा चेंबर तुंबलेला. ‘तीन वर्षं सांगतोय,’ काकू म्हणाल्या. घरी येऊन तक्रारवही काढली. तीन तक्रारी होत्या. त्यातल्या दोहोंखाली माझ्याच अक्षरात ‘नोंद घेतली’.

चेंबरचे काम आधी काढले. पाइपचा उतारच चुकलेला होता. दुरुस्ती निधीतून ३८,००० गेले. तोवर काकांपाशी लिफ्टचे नावही काढले नाही. ‘ही सौदेबाजी झाली,’ असे आमचे खजिनदार म्हणाले. असेलही, पण चेंबर साफ ठेवणे हे आमचेच काम होते, आणि ते आम्ही केले नव्हते. मग चार हप्ते ठरवले. काकांनी पहिला हप्ता दिला आणि शेजारच्या दोन घरी स्वतः जाऊन बोलले. काय बोलले ते मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. चौथ्या घराचा आमच्या हिशेबांवरच विश्वास नाही. त्यांना एकेक बिल नेऊन दाखवते आहे. दोन हप्ते आलेत.

सहकार कायद्यात सदस्यांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. मी अशा वर्गाला बसले आहे. इतिवृत्त, लेखापरीक्षण, थकबाकीची वसुली, सगळे शिकवले. सभेच्या आधी सदस्याच्या घरी जाऊन त्याचे ऐकून घ्यावे, यावर कुणी पाच मिनिटेही बोलले नाही. त्या वर्गांत एक तास एवढ्यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

आता खर्चाचा विषय असला की नोटीस लावण्याआधी मी वीसही घरांची बेल वाजवते. दोन संध्याकाळी जातात आणि नको म्हटले तरी चहा होतोच. पुढचा विषय पार्किंगचा आहे. त्याला दोन संध्याकाळी पुरतील असे वाटत नाही.

– सोसायटीची एक सचिव, डोंबिवली (पूर्व)