विषय: ‘स्वमुळाची’ सांगून पाठवलेली कलमी पिवळी मिनिएचर गुलाबाची रोपे व चुकीचे माहितीपत्रक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून ‘राइज अँड शाइन’ या पिवळ्या मिनिएचर गुलाबाची सहा रोपे मागवली होती. ती फाटे (फांदीचे तुकडे) लावून स्वतःच्या मुळांवर वाढवलेली आहेत, असे आपल्या यादीत लिहिले होते. त्यासाठीच साध्या बटण गुलाबाच्या दुप्पट दर दिला. चार रोपे डोळा भरलेली, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर या जातीचा डोळा बसवून केलेली कलमी निघाली.

कोकोपीट बाजूला केले की बुंध्यावर गाठ दिसते. तिच्या खालून लांब, सरळ फुटवे आले आहेत. या फुटव्यांच्या पानात सात पर्णिका आहेत, एवढ्यावरून ते खुंटाचे आहेत असे म्हणत नाही. सात पर्णिका मिनिएचरलाही येतात. पानाच्या देठाच्या बुडाशी पाहा, तिथे बारीक झालर आहे. ती मल्टिफ्लोरा या रानगुलाबाच्या खुंटाची खूण. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे राल्फ मूर यांनी 1977 मध्ये कॅलिफोर्नियातून बाजारात आणलेली ही जात स्वतःच्या मुळांवर चांगली वाढते. मग कलम कशाला? वरचा भाग मेला तर स्वमुळाचे रोप पुन्हा पिवळेच फुटते, कलमी रोपाचा मात्र नुसता खुंट उरतो. फुटवा वरवर कापला तर तिथूनच पुन्हा फुटतो, म्हणून तो उगमापासून ओढून काढावा लागतो. आपण गाठच गाडून पाठवली, तर नवख्या माणसाला हे कळणार कसे?

माहितीपत्रक तर रोपे मारणारेच आहे. ‘रोज संध्याकाळी पानांवर पाणी फवारा’ हा सल्ला काढून टाका. पाने सात-आठ तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा रोग लागतो. पाणी सकाळी, बुडाशी द्यायचे. सहा इंची कुंडीत चमचाभर डीएपी हे दाणेदार खत घातले तर कोवळी मुळे करपतात. नवी फूट आल्यावर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरते. ‘अर्धसावली’ही चूक, किमान पाच-सहा तास ऊन हवे. आणि कोकोपीटचा गोळा लावण्याआधी बादलीत भिजवून बाहेरची मुळे मोकळी करायला सांगा. गोळा एकदा सुकला की भोवतालची माती ओली असूनही त्यात पाणी शिरत नाही.

गाठीचे व फुटव्यांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. चारही रोपे खात्रीशीर स्वमुळाची बदलून द्यावीत. ती नसतील तर त्या चार रोपांचे पैसे व पाठवणीचा खर्च पंधरा दिवसांत परत करावा. यादीतील ‘स्वमुळाची’ हा शब्द आणि माहितीपत्रकही तातडीने दुरुस्त करावे.

कळावे,
आपला एक ग्राहक