वजनकाटा घेऊन फिरणारी आई

प्रिय बाळा,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आपलं कसं होतं तुला माहितीये. तू एक बोलतोस, मी दुसरंच ऐकते आणि मग बाबा मधे पडून "ठेव आता, तिला दम लागतोय" म्हणत फोन काढून घेतात. म्हणून टाईप करतेय. लांबलचक होणार आहे, एका बैठकीत नाही वाचलंस तरी चालेल, मीही एका बैठकीत लिहिलेलं नाहीये, चार दिवस झाले हेच चाललंय.

त्या रविवारी तू म्हणालास ना, "आई, एवढं फिरता येतंय तर मग नोकरी का सोडलीस?" ते तू चिडून बोलला असतास तर मी पण चिडून मोकळी झाले असते. तू अगदी सहज बोललास, म्हणून लागलं. रडले वगैरे नाही हं, पण रात्रभर मनात उत्तरं तयार करत पडले होते आणि त्यातलं एकही धड नव्हतं. खरं म्हणजे हा प्रश्न तू पहिला नाही विचारलास. ऑफिसातल्या एकीने आमच्या फोटोखाली लिहिलं होतं, "मज्जा आहे, आम्हाला पण असं आजारी पडायचंय", आणि पुढे दोन हसरी तोंडं. आणि तिच्याही आधी मीच मला विचारलेला आहे, कितीदा तरी.

तर आधी ते सगळं नीट सांगते, कारण त्या वेळी तू लांब होतास आणि आम्ही तुला अर्धवटच सांगितलं. "हार्टला थोडी सूज आहे" असं बाबांनी सांगितलं होतं ना? सूज नव्हती, हार्ट फेल्युअर होतं. शब्द इतका वाईट आहे की डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा मला वाटलं आता गेलेच मी. पण हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, पंप कमजोर झालाय एवढंच. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकलं जायला हवं, माझं २८ होतं. त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात, आम्ही घरात नुसतं "आकडा" म्हणतो. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, ब्लॉकेज एकही नाही, स्नायूच ताणून ढिला पडलेला. का, ते कळलं नाही, बऱ्याच जणांच्या बाबतीत कळतच नाही म्हणे. जन्मभर आकडे जुळवणारी बाई मी, आणि माझ्याच ताळेबंदात कारणाची ओळ कोरी. याचा मला आजाराइतकाच राग आला होता.

गोळ्या सुरू झाल्या, आधी अगदी थोड्या डोसने, मग दर काही आठवड्यांनी थोडा थोडा वाढवत. आकडा २८ चा ३५ झाला, आता ४१ आहे. तू म्हणशील मग सुधारलं की! सुधारलंच. पण आकडा सुधारला म्हणजे दिवस सुधारतात असं नाही, आणि मला सांगायचंय ते इथेच आहे.

माझे दिवस एकसारखे नसतात रे. सकाळी उठले की पहिली दहा मिनिटं कळतच नाही आज कोणता दिवस आहे, मंगळवार की बुधवार असं नाही म्हणत मी, जिना चढता येणारा आहे की न येणारा. चांगल्या दिवशी मी तुझ्या बाबांच्या पुढे चालते. वाईट दिवशी अंघोळ करून बाहेर आले की कॉटवर बसून केस पुसते, उभ्याने जमत नाही. आणि हे आदल्या रात्री सांगता येत नाही. आता असं माणूस महिनाअखेरीच्या हिशेबांच्या क्लोजिंगला कसं बसणार सांग? मी सहा महिने प्रयत्न केला ना. हाफ डे घेतले, घरून काम केलं, त्यांनी "हलकं काम" पण दिलं, पण हलकं काम म्हणजे तेच काम आणि वर ओशाळं तोंड. एकदा तर दुपारी टेबलावर डोकं ठेवलं ते साडेपाचलाच उठले, कोणी उठवलं पण नाही, आणि न उठवण्यातली ती दया मला अजून सहन होत नाही. वरचे साहेब म्हणायचे, "तब्येत सांभाळा हो मॅडम, रिपोर्ट शुक्रवारी चालेल." शुक्रवार तर आधीपासून शुक्रवारच होता.

नोकरीला रोजचा माणूस लागतो आणि मी आता रोजची राहिले नाहीये. प्रवासाचं तसं नाही. प्रवासात मी सकाळी उठून म्हणू शकते की आज नाही. समुद्र काही रजेचा अर्ज मागत नाही. तळ्याकाठचा आमचा फोटो बघून तू खुश झालास ना, त्याच्या आधीचे दोन दिवस मी त्याच खोलीत पडदे ओढून झोपून होते आणि बाबा खिडकीत बसून कालचंच वर्तमानपत्र परत वाचत होते. त्याचा फोटो कोण काढतं? पाच दिवसांत मी तळं चाळीस मिनिटं बघितलं. ती चाळीस मिनिटं तुला पाठवली.

आता हसू नको, पण मी बॅगेत वजनकाटा घेऊन फिरते. छोटा डिजिटल. रोज सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, वजन. जाड होण्याची भीती नाही, अंगात पाणी साठतंय का ते काट्यावर आधी कळतं, घोट्यावर सूज नंतर दिसते. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं, हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने आहे. गालिच्यावर काटा ठेवला की वेड्यासारखे आकडे दाखवतो म्हणून खोलीत गेल्या गेल्या बाबा आधी टाइल्स शोधतात. आणि पाणी साठलं की सपाट झोपून दम लागतो, म्हणून मी उशा मोजते. दोन उशांवर झोप लागली तर ठीक. तिसरी लागली तर दुसऱ्या दिवशीचं सगळं कॅन्सल, चर्चा नाही.

लघवीच्या गोळीवर तर मी पुस्तक लिहू शकेन. ती घेतली की पुढचे दोन-तीन तास बाथरूमच्या हाकेच्या अंतरात राहावं लागतं, मग सकाळी आठची बस कशी पकडायची? पहिल्या प्रवासात मी अक्कल चालवून गोळीच बुडवली. एक दिवस, मग दुसरा दिवस. वर सात दिवसांत पाच ठिकाणं, कारण बाबांना वाटलं बायकोला आता सगळं दाखवून टाकावं, आणि मलाही वाटलं बघून टाकावं, त्या "टाकावं"चा अर्थ दोघांनाही तोंडाने बोलवत नव्हता. सहाव्या रात्री आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होते. अनोळखी गावात दोन रात्री हॉस्पिटल. तुला आम्ही "पोट बिघडलंय" म्हणून सांगितलं होतं ते हेच. रागव, पण पुढे वाच. नंतर डॉक्टरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, अहो प्रवासाच्या दिवशी ती गोळी पोचल्यावर दुपारी घ्या, वेळ बदलता येते, बुडवता येत नाही. एवढंसं होतं! एक प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून दोन रात्री ऑक्सिजनवर काढल्या.

तेव्हापासून एक दिवस प्रवास केला की दोन दिवस कुठेही जायचं नाही. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टवाली, आणि बुकिंग असंच की आदल्या दिवशी रद्द करता येईल, थोडे जास्त पैसे गेले तरी. औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात एकही नाही, सामान हरवलं तर कपडे मिळतात, माझा डोस मिळेल की नाही काय माहीत. लागतात त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव पण लिहून घेतलंय, कंपनीचं नाव गाव बदललं की बदलतं. आणि अंग दुखलं म्हणून कोणी प्रेमाने पेनकिलर पुढे केली तर घ्यायची नाही, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, चांगल्या चाललेल्या गाडीला रुळावरून उतरवायला तेवढंच पुरतं. बसमधल्या एका बाईंना मी नाही म्हटलं तर त्या रुसल्याच.

विमानाची भीती तुला जास्त आहे, मला नाही. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी विरळ असते, जमिनीवर बसल्यासारखी नसते हे खरं. म्हणून आमचे डॉक्टर दर वेळी विचारतात, एक मजला न थांबता चढता येतो का, दम न लागता? येत असेल तर जा. मी खोटं सांगत नाही त्यांना. आता तुलाही सांगणार नाही.

डोंगराचं मात्र वाईट वाटतं. तुला आठवतं ना, कपाटाच्या आतल्या बाजूला मी यादी चिकटवली होती, "रिटायर झाल्यावर". लेह, तिबेटमधलं ल्हासा, पेरूमधलं कुझ्को, बोलिव्हियातलं ला पाझ. सगळी उंचावरचीच ठिकाणं, का कोण जाणे, जन्मभर तळमजल्यावरच्या अकाउंट्समध्ये बसले म्हणून असेल. ही सगळी साडेतीन हजार मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांशच उरतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. धडधाकट माणसाला सुद्धा तिथे डोकं धरून बसावं लागतं. डॉक्टरांनी मला दोन हजारच्या आसपास, तेही टप्प्याटप्प्याने, एवढीच परवानगी दिलीय. घरी येऊन मी पेन्सिलने चारही नावं खोडली. पेनने नाही खोडली. साठाव्या वर्षी जाऊ म्हणून ठेवलेलं सगळं, आणि साठ यायच्या आधीच शरीराने दार लावून घेतलं. गेल्या महिन्यात आगगाडीने अठराशे मीटरवर गेलो, स्टेशनच्या बाकावर बसून समोरचं बर्फ लांबून बघितलं. बाबा म्हणाले, "इथून पण दिसतं की." मी काही बोलले नाही. दिसत होतं, पण ते तेच नाही ना.

पैशाचं विचारतोस वरचेवर, तेही सांगते, शेवटी माझा धंदाच तो. त्रेपन्नाव्या वर्षी पगार थांबला म्हणजे सात वर्षांची कमाई गेली आणि खर्चाची सात वर्षं वाढली, दोन्हीकडून मार. तुझ्या त्या मित्राने चार टक्क्यांचा नियम सांगितला होता, म्हणजे निवृत्तीच्या पहिल्या वर्षी साठवलेल्या पैशातले चार टक्के काढायचे आणि पुढे दर वर्षी ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची. तो विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला, पण अमेरिकेतल्या जुन्या आकड्यांवर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. आमची त्याहून लांबू शकते (लांबू दे!), म्हणून आम्ही तीन टक्क्यांच्या वर काढत नाही. आणि सुरुवातीच्याच वर्षांत बाजार पडला तर पडत्या भावात फंडाचे जास्त युनिट विकावे लागतात, मग बाजार वर आला तरी ते परत येत नाहीत, म्हणून तीन वर्षांचा खर्च वेगळा, जिथे चढउतार नाही अशा जागी ठेवलाय. प्रवास त्याच्यातूनच. तुझ्याकडे मागायला येणार नाही, काळजी नको.

एक चूक मात्र झाली आणि ती तू करू नकोस. कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स शेवटच्या दिवशी संपतो हे मला माहीत होतं, पण नवीन घ्यायचं राजीनाम्यानंतर बघू म्हटलं. नोकरी गेलेली आणि आजार कागदावर आलेला, अशा माणसाला पॉलिसी किती महाग पडते आणि जुन्या आजारासाठी किती थांबावं लागतं ते मग कळलं. लोकांचे ताळेबंद तपासणाऱ्या बाईने हे केलं. तू आत्ताच, धडधाकट आहेस तोवर, स्वतःची वेगळी घे. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये आम्ही सगळं खरं लिहितो, महाग पडतो, पण आजार लपवला तर क्लेम नाकारतात आणि तेव्हा भांडायला अंगात जोर कुठून आणायचा.

आणि अजून एक. रोज संध्याकाळी फोन करून "बीपी किती, पायाला सूज आहे का, पाणी किती प्यालीस" असं विचारतोस ना, ते आता बाबांना मेसेजवर विचार. मला विचारायचं तर दुसरं काही विचार. परवा गाडीत समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी सगळा वेळ मांडीवर पिंजरा धरला होता आणि पिंजऱ्यात काहीच नव्हतं. मला त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं होतं, तर तू आधी सूज विचारलीस आणि मग तुझी मीटिंग आली.

पुढच्या महिन्यात एका नदीकाठी तीन आठवडे राहणार आहोत, एकच जागा, दुसरीकडे कुठेही नाही. हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे, बाबांनी फोन करून हार्टचे डॉक्टर असतात का तेही विचारून ठेवलंय. सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी तुला मेल केलीय, फाईलचा पासवर्ड तुझ्या शाळेतला रोल नंबर आहे, आठवत नसेल तर मला आठवतो.

आजचं वजन ५८.४, कालच्यासारखंच. उशा दोन. काट्याचे सेल संपत आलेत आणि बाबा सकाळपासून काळा चार्जर शोधतायत, तुझ्याकडे राहिलाय का बघ, गेल्या वेळी तूच लावला होतास.

तुझी
आई