मानधनावर संघ उभा राहत नाही

प्रति,
माननीय मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

स.न.वि.वि.

खेळाबद्दलचं पत्र क्रीडामंत्र्यांना लिहायचं, असा रिवाज आहे. मी ते आपल्याला लिहिते आहे, कारण संध्याकाळी पाच वाजता कॉलेजच्या मैदानावर कोण उभं असेल, हे क्रीडा खात्यात नाही, आपल्या खात्यात ठरतं. शारीरिक शिक्षण संचालक हे पद आपल्याकडचं. ते भरलेलं असेल तर कॉलेजात संघ असतो. नसेल तर किटच्या पेटीला कुलूप लागतं आणि किल्ली कार्यालयातल्या कुठल्यातरी खणात पडून राहते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. कॅचर होते, म्हणजे बॅट धरलेल्या मुलीच्या मागे बसून बॉल झेलणारी. दोन वर्षं विद्यापीठाच्या संघातही होते. हा खेळ महाराष्ट्राला परका नाही. आमच्याकडे तालुक्याच्या गावातल्या मुलीही स्लगर (म्हणजे बॅट), ग्लोव्हज, डायमंड (म्हणजे मैदान) हे शब्द भाकरी-पाण्यासारखे वापरतात. तरी ज्यांनी सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल बारा इंच घेराचा. पिचरने तो हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकायचा. मुलींच्या खेळात पिचर आणि समोरची मुलगी जिथे उभी असते ती होम प्लेट यांच्यात 43 फूट अंतर असतं. पिचर तयारीची असेल तर समोरच्या मुलीला बॉल ओळखून स्लगर फिरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

या खेळातल्या एका कॉलेज प्रशिक्षकाची कारकीर्द मला आपल्यापुढे ठेवायची आहे. कॅरल हचिन्स. खेळाडू त्यांना ‘हच’ म्हणतात. 1985 ते 2022 अशी सलग 38 हंगाम त्या अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. त्याआधी दोन वर्षं त्याच संघाच्या सहायक. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर 1,707 विजय होते. तिथल्या कॉलेज सॉफ्टबॉलच्या सर्वोच्च गटात तोवर कुठल्याही प्रशिक्षकाने एवढे सामने जिंकलेले नव्हते. बिग टेन या त्यांच्या विभागीय लीगचं विजेतेपद मिशिगनने त्यांच्या काळात 22 वेळा मिळवलं, आणि जिंकण्यापेक्षा हरणं जास्त झालं असा एकही हंगाम त्यांच्या काळात गेला नाही.

हे आकडे मोठेच आहेत. पण महोदय, मी आपल्याला विनंती करते की त्यातली सुरुवातीची वर्षं मोजून पाहा. तिकडे हंगामाच्या शेवटी देशातले सर्वोत्तम आठ संघ अंतिम फेरीसाठी एकत्र येतात. हचिन्स मुख्य प्रशिक्षक झाल्या 1985 मध्ये आणि त्यांचा संघ त्या आठांत पहिल्यांदा पोहोचला 1995 मध्ये. दहा वर्षं. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 2005 मध्ये. म्हणजे आणखी दहा. या वीस वर्षांत त्यांच्याकडून ते पद कुणी काढून घेतलं नाही, दर जूनमध्ये नव्याने मुलाखतीला बोलावलं नाही, त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलं नाही.

मिशिगन हा उत्तरेकडचा बर्फाचा मुलूख. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा तिथलं मैदान गोठलेलं असतं, म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे संघाला दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत जाऊन दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळावं लागतं. या खेळावर वर्षानुवर्षं कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांचं राज्य होतं. ही स्पर्धा आजच्या स्वरूपात 1982 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून 2005 पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाने तिचं विजेतेपद जिंकलेलं नव्हतं.

त्या वर्षीची अंतिम लढत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. समोर लॉस एंजेलिसचं विद्यापीठ, यूसीएलए. तीनपैकी दोन सामने जिंकायचे. मिशिगनने पहिला गमावला, दुसरा जिंकला. तिसऱ्यात ठरलेले सात डाव संपले तरी बरोबरी सुटेना, सामना दहाव्या डावात गेला. तिथे समांथा फिंडली या पहिल्याच वर्षाला असलेल्या मुलीने बेसवर दोघी उभ्या असताना होमरन मारला, एका फटक्यात तीन धावा झाल्या आणि मिशिगन 4-1 ने जिंकलं. सामना लांबला की काय होतं, ते कॅचरला विचारा. गुडघे बोलायला लागतात, पिचरचा हात जड होतो, आणि बाकावरून येणारा एक ओळखीचा आवाज तेवढा कानात शिरतो. तो आवाज मुलींच्या ओळखीचा असावा लागतो. तो या वर्षी एकाचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याचा असून चालत नाही.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. पदवीला आलेली मुलगी तीन वर्षांत निघून जाते. हात गोल फिरवून टाकण्याची लकब अंगात मुरायलाच दोन-तीन वर्षं लागतात. बॉल वर चढवायचा कसा, खाली बुडवायचा कसा, हे त्यानंतर. म्हणजे पिचर तयार होते तोवर तिची शेवटची परीक्षा आलेली असते. धाकट्या मुलीला थोरलीकडून शिकायला मिळालं तरच संघ पुढे टिकतो आणि ती साखळी हातात धरून ठेवणारं माणूस एकच, प्रशिक्षक. मिशिगनमध्ये ती साखळी हचिन्स यांच्यानंतरही तुटली नाही. 2022 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या बॉनी थॉल आधी त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि नंतर जवळजवळ तीन दशकं त्यांच्या सहायक राहिलेल्या.

हे सगळं श्रीमंत देशाचं कौतुक आहे, असं कुणी आपल्याला सांगेल. त्यांच्यासाठी हचिन्स यांची विद्यार्थिदशा सांगायला हवी. त्या मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकल्या. 1976 मध्ये तिथल्या सॉफ्टबॉल संघाने त्या वेळच्या जुन्या स्पर्धेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात त्या शॉर्टस्टॉप होत्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणाऱ्या. बास्केटबॉलही खेळत. बास्केटबॉलच्या दौऱ्यावर मुलांच्या संघाला जेवणाचा भत्ता जास्त, मुलींना कमी. मुलं खोलीत दोघं-दोघं, मुली त्याहून दाटीने. 1979 मध्ये त्या मुलींनी आपल्याच विद्यापीठाला न्यायालयात खेचलं आणि खटल्याला नाव लागलं हचिन्स यांचं. त्यांच्या हातात 1972 चा कायदा होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, असं सांगणारा तो कायदा तिकडे ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जातो. तिथेही मुलींना मैदान आपोआप मिळालं नाही. आधी कायदा आला, मग मुली भांडल्या, मग पद आणि पैसा आला.

त्या कायद्याचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता, आणि हचिन्स आजही त्याबद्दल जाहीरपणे बोलत असतात. कायदा आला तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या 90 टक्क्यांहून अधिक संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या. पुढे पगार चांगले झाले, पदांना मान आला, तसे पुरुष त्या जागांवर आले आणि आज निम्म्याहून कमी संघांना स्त्री प्रशिक्षक आहेत. आपण भरती कराल तेव्हा ही गोष्ट समोर ठेवावी. सोळा-सतरा वर्षांची मुलगी पाळीच्या दिवसांत सरावाला येऊ शकत नाही, हे पुरुष सरांना सांगायला लाजते. ती मग काही न सांगता यायचं बंद करते. अशा तीन मुली मी माझ्याच वर्गात पाहिल्या.

आता आमच्या मॅडमबद्दल. आम्हाला शिकवलं ते एका मॅडमनी. त्यांची नेमणूक मानधनावर होती, दरवर्षी नव्याने. मे महिन्यात मानधन बंद, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं तर झालं. आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा संपला की असायची. तिची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीतच व्हायला हवी. मॅडम सुट्टीतही यायच्या, बिनपगारी. चुना स्वतः टाकायच्या, बेस गोणपाटाचे शिवून आणायच्या. माझा पहिला मास्क त्यांनी त्यांच्या पैशांनी घेतला होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. नऊ वर्षं त्यांनी असं केलं. मग घरची जबाबदारी वाढली आणि त्या एका खासगी शाळेत लागल्या. पुढच्याच वर्षी आमच्या कॉलेजचा मुलींचा संघ स्पर्धेत उतरला नाही. त्यानंतरही उतरला नाही. आमच्या वेळी आम्ही विभागात दुसऱ्या आलो होतो.

आमच्या मॅडमना हचिन्स यांच्याइतकी वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना नवव्या वर्षी जावं लागलं आणि हचिन्स नवव्या वर्षी देशातल्या आठ संघांतही नव्हत्या, एवढं मला ठाऊक आहे.

म्हणून मागणी साधी आहे. अनुदानित महाविद्यालयांतल्या शारीरिक शिक्षण संचालकांच्या रिक्त पदांना ना हरकत द्यावी आणि ती पूर्णवेळ, नियमित वेतनश्रेणीत भरावीत. आकृतिबंध, बिंदुनामावली, वित्त विभागाची मान्यता हा प्रवास लांब असतो, हे मी जाणते. तोवर जे मानधनावर आहेत त्यांना निदान बाराही महिन्यांचं मानधन द्यावं, म्हणजे उन्हाळ्याचा सराव कुणाच्या पदरमोडीवर चालणार नाही. जिथे मुलींचे संघ आहेत तिथे स्त्री प्रशिक्षकाचा विचार आधी व्हावा. आणि पद भरल्यानंतर त्या माणसाला परीक्षेचं काम, निवडणुकीचं काम, प्रवेशाचं काम यांतून संध्याकाळचे दोन तास तरी मोकळे मिळावेत. आपलं सरकार खेळाडूंना नोकरीत 5 टक्के आरक्षण देतं, गुणवंत मार्गदर्शकांना शिवछत्रपती पुरस्कार देतं. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते सगळं खेळाडू घडल्यानंतरचं आहे.

सॉफ्टबॉल 2028 च्या ऑलिंपिकमध्ये परत येतो आहे. यजमानपद लॉस एंजेलिसकडे असलं तरी सॉफ्टबॉलचे सामने ओक्लाहोमा सिटीतल्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर होणार आहेत. हचिन्स यांच्या मुलींनी 2005 मध्ये दहाव्या डावात सामना जिंकला, ते हेच मैदान. भारताची मुलगी तिथे दिसावी इतकी मोठी मागणी मी या पत्रात करत नाही. माझ्या कॉलेजच्या मैदानावर पुन्हा चुन्याची रेघ दिसावी, एवढंच मागते.

मॅडमनी शिकवलेल्या दोघी शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर शिक्षण घेऊन सेट ही या पदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्या आहेत. एक पिचर होती, एक थर्ड बेसला खेळायची. दोघी सध्या मानधनावर आहेत, वेगवेगळ्या तालुक्यांत. जाहिरात निघाली की अर्ज करायला त्या तयार बसल्या आहेत.

आपली नम्र,
एक माजी कॅचर
जळगाव जिल्हा